समानांचे वैर : पीथमपूरच्या निमित्ताने

धार जिल्ह्याच्या पूर्व भागात, इंदूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर असलेले पीथमपूर १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत माळव्याच्या काळ्या मातीतले एक साधे खेडे होते. मागास जिल्ह्यांत उद्योग यावेत म्हणून शासनाने करसवलती आणि अनुदाने देऊ केली, आणि थोड्याच वर्षांत शेतांच्या जागी वाहनांचे कारखाने उभे राहिले. बजाज टेम्पो आला, कायनेटिक होंडा आली, आयशर आणि हिंदुस्थान मोटर्स आले. 'भारताचे डेट्रॉइट' असे बिरुदही गावाला मिळाले. पुढे १९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली, २००५ मध्ये बजाज टेम्पोचे नाव फोर्स मोटर्स झाले, २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय महिंद्रांकडे गेला. दारावरचे फलक बदलले, यंत्रे बदलली. त्या दारातून पाळीला आत शिरणाऱ्या माणसाच्या मनातील एक गोष्ट मात्र बदलली नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तीच आहे.

ती गोष्ट अशी. कारखान्यातला जोडारी सरव्यवस्थापकाचा हेवा करीत नाही. सरव्यवस्थापकाचा पगार त्याच्या वीसपट असला तरी त्याला त्याची झोप उडत नाही. झोप उडते ती शेजारच्या बाकावरच्या जोडाऱ्याला दोनशे रुपये जास्त मिळाले म्हणजे. दोघे एकाच आयटीआयमधून एकाच वर्षी बाहेर पडलेले, एकाच महिन्यात कामाला लागलेले, एकाच बसने येणारे. त्यांपैकी एकाला चार्जहँड केले की दुसऱ्याच्या डब्यातली भाजी बेचव होते. कचेरीतही हेच. मुख्य लिपिकाची खुर्ची रिकामी झाली की वैर जुंपते ते तिच्या लगेच खाली बसलेल्या दोघांत, आणि बहुधा ते दोघे पुरुष असतात किंवा दोघी स्त्रिया. मराठीत या भावनेसाठी शब्दांची वाण नाही. हेवा, मत्सर, असूया, ईर्ष्या, चुरस, जळफळाट असे कितीतरी शब्द आहेत, आणि त्यांच्या छटाही वेगळ्या आहेत. हेव्यात दुसऱ्यासारखे आपल्याला मिळावे एवढेच असते. मत्सरात त्याचे जावे हेही येते. षड्रिपूंच्या यादीत शेवटी बसवलेला हा मत्सर कामाच्या ठिकाणी मात्र पहिल्या क्रमांकावर असतो.

माणूस स्वतःचे मोजमाप दूरच्याशी न करता जवळच्याशी करतो, हे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले. तसे का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्याआधी जवळजवळ एक शतक मागे, चार्ल्स डार्विनपर्यंत जावे लागते. १८७१ च्या आपल्या ग्रंथात डार्विनने लैंगिक निवडीची दोन अंगे वेगळी केली. एक, मादीने नराची केलेली निवड. मोराचा पिसारा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. दुसरे, एकाच लिंगाच्या प्राण्यांची आपसांतली झुंज. सांबराची शिंगे वाघासाठी नसतात, ती दुसऱ्या सांबरासाठी असतात. या दुसऱ्या अंगाला लिंगांतर्गत स्पर्धा म्हणता येईल. शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी त्याला हिशेबाची जोड दिली. संततीच्या संगोपनात ज्या लिंगाची गुंतवणूक अधिक, ते लिंग दुर्मीळ ठरते. आणि ज्याची कमी, त्या लिंगाचे सदस्य त्याच्यासाठी आपसांत झगडतात.

आता कारखान्यातल्या बढतीचा आणि सांबराच्या शिंगांचा संबंध काय, असे कोणी विचारील. उत्क्रांतिवादी मानसशास्त्राचे उत्तर असे की, मन कारखान्यापेक्षा फार जुने आहे. माणसाने लक्षावधी वर्षे लहान टोळ्यांत काढली. त्या टोळीत मान, अन्नाचा वाटा, जोडीदार आणि मुलांची सुरक्षितता या सर्व गोष्टी प्रतिष्ठेच्या पायरीशी बांधलेल्या होत्या. आणि त्या पायरीवर शेजारी उभा असे तो आपल्याच लिंगाचा, आपल्याच वयाचा. नजरेतला तराजू तेव्हापासून त्याच्यावर लागलेला आहे. आज पायरीऐवजी पदनाम आहे, तराजू तोच. कॅनडातील मार्टिन डॅली आणि मार्गो विल्सन या दांपत्याने १९८८ मध्ये खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्ताचे नाते नसलेल्या एकाच लिंगाच्या व्यक्तींमधील खून त्यांनी देशोदेशींच्या नोंदींतून तपासले. अमेरिका-कॅनडांबरोबर भारतातील भिल्ल आणि मारिया समाजांच्या नोंदीही त्यांच्यासमोर होत्या. सर्वत्र पुरुषाने पुरुषाला मारल्याच्या घटना स्त्रीने स्त्रीला मारल्याच्या घटनांहून कितीतरी अधिक निघाल्या. आणि पोलिसांच्या दप्तरी 'क्षुल्लक कारण' म्हणून लिहिलेली अनेक कारणे वस्तुतः चारचौघांतल्या मानापमानाची होती.

परंतु या सिद्धान्तासाठी शिकागोच्या पोलीसदप्तरापर्यंत जाण्याचीही गरज नाही. पीथमपूरच्या आसपासची भूमी हीच समानांच्या वैराची मोठी बखर आहे. धारच्या पश्चिमेस अमझेरा आहे. तेथे नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी अप्पांच्या सेनेने मोगल सुभेदार गिरिधर बहादुराचा पराभव केला, सुभेदार रणात पडला, आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडे झाले. या मोहिमांतून वर आलेले उदाजी पवार, मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हे तिघे एकाच धन्याचे चाकर, जवळजवळ एकाच वेळी उदयास आलेले. मल्हारराव धनगराच्या घरचे. राणोजी बाजीरावाच्या पदरी अगदी साध्या चाकरीपासून चढलेले. आजच्या भाषेत हे एकाच तुकडीतले सहकारी होत. माळव्याचा महसूल त्यांच्यात वाटला गेला. धार पवारांकडे, इंदूर होळकरांकडे, उज्जैन शिंद्यांकडे गेले. इंदूर ते उज्जैन हे अंतर सुमारे पंचावन्न किलोमीटर. दोन समान सामर्थ्याची, समान कीर्तीची, समान महत्त्वाकांक्षेची घराणी इतक्या जवळ राहिली की काय होते, ते पुढच्या ऐंशी वर्षांत दिसले.

सवाई जयसिंगाच्या मृत्यूनंतर जयपूरच्या गादीचा वाद पेटला तेव्हा शिंदे एका भावाच्या बाजूला तर होळकर दुसऱ्याच्या. १७९३ मध्ये लाखेरीला तर दोघांच्याच फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. महादजींच्या कवायती पलटणींनी होळकरांचा धुव्वा उडवला आणि त्या रागात तुकोजी होळकरांनी परतताना उज्जैन लुटले. १७९७ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या सैन्याने होळकरांच्या छावणीवर हल्ला केला; त्यात दुसरे मल्हारराव मारले गेले. तेथून यशवंतराव होळकरांचा सूड सुरू झाला. जुलै १८०१ मध्ये त्यांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणी कापून काढल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूर धुऊन नेले. पुढच्या ऑक्टोबरात, २५ तारखेला, यशवंतरावांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे आणि पेशवे या दोघांचाही पराभव केला. बाजीराव पळाले, वसईला गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला.

यानंतरचा प्रसंग या व्याख्यानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध झाले तेव्हा शिंदे आणि नागपूरकर भोसले असईला लढले आणि हरले. होळकर बाजूला उभे राहिले. १८०४ मध्ये यशवंतराव इंग्रजांशी लढायला उठले, कर्नल मॉन्सनच्या फौजेची दाणादाण त्यांनी उडवली. तेव्हा शिंदे बाजूला उभे राहिले. दोघेही पराक्रमी होते, शत्रू एकच होता, आणि तो शत्रू कोण हे दोघांनाही ठाऊक होते. तरीही समोरच्या परक्यापेक्षा शेजारच्या समान माणसाचा उत्कर्ष अधिक बोचला. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांची फौज मोडली आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला. इतिहासकार या नाशाची राजकीय, लष्करी, आर्थिक अशी अनेक कारणे देतात आणि ती खरीच आहेत. पण त्या कारणांच्या खाली, मुळाशी, दोन सहकाऱ्यांचे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहणेही आहे.

देवासची हकीकत याहून सौम्य, आणि काहीशी गमतीची. तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू तेथे एकत्र आले. पुढे त्यांच्या वंशात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदू लागली. दोन दरबार, दोन राजवाडे, आणि गावाच्या मधून गेलेली हद्द. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. १९५३ च्या त्याच्या पुस्तकात त्या दरबाराचे चित्र आले आहे. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. एका म्यानात दोन तलवारी मावत नाहीत असे म्हणतात. देवासने म्यानाचेच दोन भाग करून तो प्रश्न सोडवला, आणि खर्चही दुप्पट केला.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे. शिंदे-होळकरांच्या वैराने एक राज्य बुडाले, पण त्यावरून 'पुरुषच पुरुषाचा शत्रू' अशी म्हण मराठीत तयार झाली नाही. पुरुषांच्या भांडणाला भाषेने 'भाऊबंदकी' हा शब्द दिला, खाडिलकरांनी १९०९ मध्ये त्याच नावाचे नाटक लिहिले. पण त्या शब्दात दोष बाप्यांच्या जातीवर येत नाही. भाऊबंदकीचे कारण वतन आहे, वाटणी आहे, गादी आहे, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळते. उलट 'सवतीमत्सर' या शब्दात कारण दिसेनासे होते. दोन बायका एका घरात, एका पुरुषाच्या मर्जीवर आणि एका स्वयंपाकघरावर अवलंबून ठेवल्या, ही व्यवस्था बाजूला राहते आणि उरतो तो बाईचा स्वभाव. 'बाईच बाईची शत्रू' हे वाक्य त्याच कुळातले. पुरुषांच्या वैराला इतिहास मिळाला, स्त्रियांच्या वैराला स्वभाव.

हे वाक्य घरापुरते राहिले असते तर त्याची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. ते कारखान्याच्या कचेरीत पोचते. एखाद्या विभागात स्त्रीला पर्यवेक्षक करावे की नाही असा प्रश्न निघाला की, "बायकांचे बायकांशी पटत नाही" हे उत्तर तयार असते. अलीकडे त्याला विज्ञानाचा टिळाही लावला जातो. ही तर उत्क्रांतीच आहे, निसर्गच तसा, असे सुशिक्षित माणूसही सहज बोलून जातो. म्हणून उत्क्रांतीचे अभ्यासक नेमके काय म्हणतात ते पाहणे अगत्याचे ठरते.

स्त्रिया आपसांत स्पर्धा करतात हे त्यांना मान्यच आहे, आणि ते ठासून सांगणारी अभ्यासक एक स्त्रीच होती. सारा ब्लॅफर हर्डी १९७० च्या दशकात अबूच्या डोंगरावर वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास करीत होत्या. मांडूच्या महालांवर उड्या मारताना यात्रेकरूंना दिसतात तीच ही काळ्या तोंडाची वानरे. हर्डी यांचा अबूवरील ग्रंथ १९७७ मध्ये आला आणि १९८१ मध्ये त्यांनी मादीविषयीच्या जुन्या समजुतींवर सरळ हल्ला चढवला. मादी ही निष्क्रिय, लाजरी, झुंजीच्या बक्षिसासारखी वाट पाहणारी, ही डार्विनच्या काळापासूनची प्रतिमा त्यांनी मोडली. मादीही पायरी राखते, अन्नासाठी आणि पिलांसाठी दुसरीला मागे सारते, डावपेच करते. अ‍ॅन कॅम्बेल यांनी १९९९ मध्ये याला जोड दिली. मानवाच्या इतिहासात आई मेली तर मूल जगणे कठीण असे; म्हणून स्त्रीने जिवावर बेतणारी झुंज टाळली आणि अप्रत्यक्ष मार्ग धरले. कुजबुज, बहिष्कार, पाठीमागची निंदा हे ते मार्ग. येथे वैर कमी आहे असे नाही. इजा होण्याची किंमत अधिक म्हणून शस्त्र वेगळे, एवढाच मुद्दा आहे.

मात्र पुरुष पाठीमागे बोलत नाहीत असा निष्कर्ष यातून निघत नाही. कोणत्याही कारखान्याच्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटे उभे राहिल्यास त्याचे निराकरण होईल.

जॉइस बेनेन्सन आणि रिचर्ड रँगहॅम यांनी २०१६ मध्ये एक सुरेख निरीक्षण मांडले. टेनिस, टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि मुष्टियुद्ध या खेळांत सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी एकमेकांना हात देतात, मिठी मारतात; तो स्पर्श पुरुषांत अधिक वेळ टिकतो, स्त्रियांत कमी. त्यांच्या मते पुरुष भांडणानंतर लवकर जुळवून घेण्यासाठी घडले आहेत, कारण टोळीला उद्या परकी टोळी चालून आली तर तोच प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून हवा असे. उपपत्ती आकर्षक आहे. पण यशवंतराव आणि दौलतराव यांनी ती वाचलेली नव्हती, एवढे लक्षात ठेवावे. बेनेन्सन यांच्या २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात उत्तर अमेरिकेतील विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग पाहिले गेले. वरिष्ठ पुरुष प्राध्यापक कनिष्ठ पुरुष सहकाऱ्याबरोबर जितके संयुक्त लेखन करतात, तितके वरिष्ठ स्त्रिया कनिष्ठ स्त्रियांबरोबर करीत नाहीत, असे त्यात आढळले. हेच काय ते 'बाईच बाईची शत्रू'चे शास्त्रीय रूप, असे म्हणून येथे थांबणारे पुष्कळ आहेत.

थांबू नये. १९७४ मध्ये अमेरिकेत 'राणीमाशी' हे नाव रूढ झाले. पुरुषांच्या व्यवसायात वर पोचलेली आणि इतर स्त्रियांना वर येऊ न देणारी स्त्री, असा त्याचा अर्थ. २०११ मध्ये नेदरलँड्समधील बेले डर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरिष्ठ महिला पोलीस अधिकाऱ्यांवर एक प्रयोग केला. काहींना आधी आपल्या नोकरीत लिंगभेद जाणवल्याचा प्रसंग आठवायला सांगितले, तर काहींना तो जाणवला नाही असा प्रसंग. पहिल्या गटातील ज्या अधिकाऱ्यांना स्त्री म्हणून असलेली आपली ओळख कामात फारशी महत्त्वाची वाटत नव्हती, त्या 'राणीमाशी'सारख्या वागल्या: आपण इतर बायकांसारख्या नाही, असे दाखवू लागल्या. दुसऱ्या गटात तसे दिसले नाही. स्वभाव जन्मजात असता तर आठवणीच्या एका प्रसंगाने तो चालू-बंद झाला नसता. तसेच ब्राझीलमध्ये ज्या नगरांत स्त्रिया महापौर झाल्या, तेथे वरिष्ठ आणि मधल्या पदांवरील स्त्रियांची संख्या वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. निर्णयाचा अधिकार खरोखर हातात आला तेव्हा राणीमाशी दंश करीत नाही, असा त्याचा अर्थ.

आणि राणीमाशी हे नावही कीटकशास्त्राच्या दृष्टीने फसवे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडील एका गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. तिच्या पोळ्यातील राणी कमालीची शांत असते. ती कोणाला टोचत नाही, हाकत नाही. कामकरी माश्या आपले काम आपसांतच ठरवतात. पण राणी काढून टाकली की एक कामकरी माशी एकाएकी अतिशय आक्रमक होते, दिवसभर इतरांवर धावून जाते, आणि सुमारे आठवड्याभरात अंडी घालू लागते. राणी झाली की तीही शांत होते. पोळ्यातल्या माश्या त्याच, अंगातले गुणही तेच. फरक पडला तो खुर्ची रिकामी आहे की भरलेली, एवढ्यानेच.

माश्यांकडून माणसांकडे यायचे तर शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्याकडे वळावे लागते. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तेथील प्रयोगांची नावे पाठ केलेली असतात, पण त्यांतल्या दोन खोल्या शेजारी ठेवून फार कमी जण पाहतात. पहिल्या खोलीत १९२७ पासून सहा स्त्रिया टेलिफोनचे रिले जोडीत होत्या. दुसऱ्या खोलीत नोव्हेंबर १९३१ पासून मे १९३२ पर्यंत चौदा पुरुष तारा जोडीत होते: नऊ तारजोडे, तीन झाळणारे, दोन तपासनीस.

पुरुषांच्या खोलीत पुढच्या बाजूला एका जातीची उपकरणे जोडली जात, मागच्या बाजूला दुसऱ्या जातीची. काम जवळजवळ सारखेच. पण पुढचे स्वतःला किंचित वरचे समजत, आणि त्या किंचित फरकावर दोन टोळकी उभी राहिली. दिवसाला किती काम करायचे हे त्यांनी आपसांत ठरवून टाकले होते. कोणी अधिक वेगाने हात चालवला तर शेजारी त्याच्या दंडावर जोरात ठोसा मारी. ठोसा खाणाऱ्याला परत एक मारण्याचा हक्क असे. जास्त काम करणारा जसा नकोसा, तसाच फार कमी करणाराही. मजुरी साऱ्या विभागाच्या एकत्र उत्पादनावर होती. एकाचा वेग वाढला तर दर कापले जातील ही भीती सर्वांना. १९३२ साली मंदीमुळे माणसे कमी होत होती हेही विसरू नये.

स्त्रियांच्या खोलीची कथा बहुधा गोड करून सांगितली जाते. विश्रांतीच्या सुट्या दिल्या, आपुलकी दाखवली, उत्पादन वाढले, असे. पण जानेवारी १९२८ मध्ये त्यांतल्या दोघींना गप्पा आणि असहकार यांच्या कारणावरून खोलीतून काढले आणि दुसऱ्या दोघी आणल्या. नव्यांपैकी एकीवर घरच्या उत्पन्नाची मोठी जबाबदारी होती. ती पुढारी झाली आणि मागे पडणारीला बोलून वेग वाढवायला लावू लागली. येथे मजुरीचा हिशेब शंभराहून अधिक माणसांच्या विभागावर न ठेवता या लहान गटापुरता वेगळा केलेला होता. शेजारणीचा वेग म्हणजे स्वतःच्या पाकिटातली भर. तेव्हा पुरुष आपसांत सहकार्य करतात आणि बायका भांडतात, या सूत्रात हॉथॉर्न बसत नाही. पुरुषांनी एकमेकांना मागे खेचले, बायकांनी एकमेकींना पुढे ढकलले. आणि दोन्ही ठिकाणी दर ठरवणारा हात खोलीच्या बाहेर होता.

उत्क्रांतिवादी मानसशास्त्राची मोठी उणीव याच ठिकाणी दिसते. स्टीफन जे गूल्ड आणि रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७९ मध्ये इशारा दिला होता की, दिसलेल्या प्रत्येक गुणाला उपयोगाची एक गोष्ट रचून चिकटवणे सोपे असते. अश्मयुगातील टोळीत कोणी काय केले याची प्रत्यक्ष नोंद नाही. म्हणून उपपत्ती कितीही सुबक असली तरी तिची परीक्षा आजच्या माणसांवरच करावी लागते. त्या परीक्षेत पहिला अर्धा भाग बराचसा टिकतो: माणूस आपल्या बरोबरीच्याशी, आणि बहुधा आपल्याच लिंगाच्या माणसाशी, तुलना करतो; ती तुलना शिकवावी लागत नाही. दुसरा अर्धा, म्हणजे ती तुलना वैरात केव्हा उतरते आणि केव्हा उतरत नाही, याचे उत्तर त्याच्याजवळ अपुरे आहे. त्यासाठी खुर्च्या किती आहेत, त्या कोण वाटतो आणि वाटणीचा नियम भिंतीवर लावला आहे की साहेबाच्या खिशात आहे, हे पाहावे लागते.

पीथमपूरमध्ये वाहनांच्या कारखान्यांत एकाच लिंगाची माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली, तीही निसर्गाने नव्हे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६६ नुसार स्त्रियांना रात्रीच्या पाळीस मनाई होती. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला त्यामुळे पुरुषच सोयीचे वाटले, आणि जोडणीची लाइन पुरुषांची झाली. स्त्रिया राहिल्या त्या मुख्यतः दिवसपाळीच्या कामात: वेष्टनात, तपासणीत, शिवणकामात, कचेरीत. ही विभागणी कायद्याची आणि सोयीची. पण तिचा परिणाम असा की, पुरुषाला स्पर्धक म्हणून दिसतो तो पुरुष आणि स्त्रीला दिसते ती स्त्री. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्त्रीच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीस मुभा आहे. त्यामुळे हे चित्र हळूहळू बदलण्यास वाव झाला.

दुसरी विभागणी याहून कडक आहे. देशातील बहुतेक मोठ्या कारखान्यांत एकाच यंत्रावर कायम कामगार आणि ठेकेदाराचा कामगार शेजारी उभे असतात. हात सारखेच चालतात, पाकीट सारखे नसते. फेस्टिंजरच्या सिद्धान्ताप्रमाणे येथे वैराला सर्वांत सुपीक जमीन आहे, आणि तशी ती आहेही. पण ते वैर क्वचितच ठेकेदाराकडे वळते. ते वळते दुसऱ्या ठेका कामगाराकडे, ज्याला यंदा कायम करणार म्हणून कुजबुज आहे. कायम करण्याची यादी कशी होते हे कोणालाच माहीत नसते, म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्यावर नजर ठेवतो: तो साहेबाच्या घरी गेला होता काय, सणाला काय घेऊन गेला. जेथे ज्येष्ठतेची यादी सूचनाफलकावर नावानिशी लावलेली असते, तेथे तक्रारी कमी नसतात, पण त्या यादीविरुद्ध असतात, माणसाविरुद्ध नसतात. युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांना हे कोणत्याही मानसशास्त्रज्ञाने सांगावे लागत नाही.

रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीच्या अभ्यासातून संख्येचा आणखी एक नियम दाखवला. एखाद्या गटात एका प्रकारची माणसे शेकडा पंधराच्या आत असली की ती माणसे न राहता नमुने होतात. त्यांची प्रत्येक हालचाल दिसते, प्रत्येक चूक साऱ्या जातीच्या नावे लिहिली जाते, आणि दोघी असल्या तर सगळे त्यांची एकमेकींशी तुलना करू लागतात. चाळीस पुरुषांच्या विभागात दोन स्त्रिया पर्यवेक्षक झाल्या आणि सुट्यांच्या तक्त्यावरून त्यांच्यात खटका उडाला, तर ती बातमी दुपारच्या जेवणापर्यंत साऱ्या कारखान्यात पोचते, आणि तिच्याबरोबर ती म्हणही. त्याच आठवड्यात त्याच तक्त्यावरून पुरुष पर्यवेक्षकांत पाच भांडणे झालेली असतात, एक तर हातघाईवर आलेले असते. त्यांची नोंद पाळीच्या वहीत 'किरकोळ वाद' म्हणून होते आणि पान उलटले जाते.